साबणाने न निघणारा लाल

३ मार्च

आईंना,

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही कानात यंत्र घालणार नाही, मी ओरडणार, आणि तुमच्या गुडघ्याची बित्तंबातमी आमच्या अख्ख्या गल्लीला कळणार. शिवाय फोनमधून धागा पाठवता येत नाही. तो नेहमीसारखा कागदाच्या कोपऱ्याला बांधला आहे. नव्या पावडरचा लाल आहे. नाक मुरडण्याआधी एकदा उजेडात धरून बघा.

कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. विणकरांनी मोठी ऑर्डर दिली आहे, सगळी लाल. रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत घालायला दोऱ्या पुरत नाहीत. तुमचे चिरंजीव मालाची ने-आण करतात आणि कढईपासून लांब राहतात. दोघांच्याही हिताचं आहे ते.

मुंगीची मात्र मजाच चालली आहे. तिच्या बालवाडीत सगळ्या वर्गाला सर्दी झाली, मग हिला का नको? ती बरी होते न होते तोच परवापासून ताप. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल आहे म्हणाले, गोड औषध दिलं. आता तापात निजून राहावं की नाही? तर उशी काखेत मारून कारखान्यात येते आणि माझ्या पायाशी बसते. अवतार बघण्यासारखा आहे. तळहात लाल, तळपाय लाल, डोळे लाल, ओठ लाल. हात-पाय रंगाच्या टबात बुडवले असणार, कबूल करत नाही. डोळे भट्टीच्या धुराने झालेत. ओठ आणि जीभ तिच्या बाबांच्या खिशातल्या त्या लाल गोळ्यांची करामत. साबणाने खसाखसा घासलं, पण हातांचा रंग काही निघत नाही. मी म्हटलं, चला, चौथ्या वर्षीच रंगारीण झाली, आता आजीची गादी रिकामी राहायची नाही!

ताईंना नमस्कार सांगा. डॉक्टरांनी सांगितलं आहे तेवढंच चाला, जास्तीचा पराक्रम नको.

तुमची सून


६ मार्च

सूनबाई,

धागा पाहिला. उजेडात धरला, दिव्याखाली धरला, तुझ्या नणंदेच्या पांढऱ्या भिंतीवरही धरला. रंग सारखा चढला आहे, पीळ उघडला तरी आत पांढरं दिसत नाही. हात चांगला बसला आहे तुझा. पण एक बुडी कमी आहे. घाई केलीस.

माझा गुडघा माझ्यापेक्षा बरा आहे. तो नवा, मी जुनी. तुझी नणंद मला पायरी उतरू देत नाही. बाल्कनीत बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघते आणि कोणाचा रंग विटलाय ते मनात म्हणते. दुसरा उद्योग नाही.

आता पोरीचं. हे सगळं त्या पावडरचं आहे, दुसरं काही नाही. पावडर आणलीस तेव्हाच मी सांगितलं होतं. मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या रंगात मी आयुष्यभर हात घातले, कधी कातडीला काही झालं नाही. पावडर कातडीत शिरते. साबणाने घासू नकोस, सोलवटेल. गोडं तेल कोमट करून चोळ, पायमोजे घाल, आणि तिला कारखान्याची पायरी चढू देऊ नकोस. रंगासाठी पुन्हा डॉक्टरकडे पळू नकोस. त्यांना रंगातलं काय कळतं? ते मलम देतील आणि आठवडाभर पोरीला चिकट करून ठेवतील. ताप सर्दीचा आहे, उतरेल.

मुंगीला सांग, आजी आली की तिला लहान कढई देणार आहे. खरीखुरी.

आई


१० मार्च

आईंना,

तुमचं पत्र मिळालं. तेल लावलं. मुंगी ठीक आहे. ऑर्डर थोडी मागे पडली आहे, पण होईल.

तुम्ही बऱ्या आहात हे वाचून बरं वाटलं. धागा बांधला आहे.

सून


१३ मार्च

सूनबाई,

हा धागा तुझा नाही.

एका टोकाला लाल, मधे गुलाबी, आणि जिथे लडीची गाठ होती तिथे चक्क पांढरा. लडी कढईत टाकली आणि कोणी ती फिरवलीच नाही. टाकणारा बाहेर जाऊन उभा राहिला असणार. असं रंगवणारा आपल्या घरात एकच आहे, आणि त्याला मी जन्म दिला आहे.

तू कढई सोडून कुठे गेली होतीस? मुंगीच्या वेळी कळा सुरू झाल्या तरी तू शेवटची लडी पिळून, दोरीवर टाकून मगच निघालीस. तेव्हा तुझा राग आला होता, कौतुकही वाटलं होतं. ती बाई मोठ्या ऑर्डरीच्या ऐन गर्दीत नवऱ्याच्या हाती कढईची काठी देऊन जाते, म्हणजे तसंच काही घडलं आहे.

मी काल यंत्र कानात घातलं. तुझ्यासाठी घातलं, लक्षात ठेव. तुझ्या नवऱ्याला फोन लावला. "सगळं ठीक आहे," म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा म्हणाला. लहानपणी बरणी फोडली की असंच करायचा. मुंगीला दे म्हटलं तर म्हणे झोपली आहे. भर दुपारी! ती पोरगी दुपारी कधी झोपली आहे?

एका ओळीत उत्तर लिहू नकोस. पानभर लिही. माझ्या नातीला काय झालं आहे?

आई


१७ मार्च

आई,

पानभर लिहिते.

आधी हे वाचा: मुंगी घरी आहे. आत्ता माझ्याशेजारी बसून पाव कुरतडते आहे आणि कडा मला देते आहे. ताप नाही.

तुमचं ते तेलाचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी कोमट तेल चोळलं. ती किंचाळली. हात लावू देईना. पाय सुजले होते, मोजा चढेना. मानेच्या एका बाजूला गाठ आली होती. औषध दिलं की ताप तासभर कमी व्हायचा आणि परत यायचा. तरी मला वाटत होतं, तुमचं खरं आहे, पावडर कातडीत शिरली आहे. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी तेल काढायला तिला कोमट पाण्याच्या टबात बसवलं. बराच वेळ बसवलं, म्हटलं पाय तरी शेकतील. आणि तिथे मला कळलं. आई, पाणी स्वच्छ होतं. तेलाचा तवंग होता, बाकी काही नाही. आपण दोघी जन्मभर हात धुतो. कोमट पाण्यात हात घातला की रंग थोडा तरी सुटतोच, साबणाने निघाला नाही तरी सुटतो. हिच्या हाताचा कणभरही सुटला नव्हता. मग मी तिला नीट पाहिलं. पाठीवरही लाल चट्टे होते. पाठीला कसला रंग लागणार? तो लाल बाहेरून आलेलाच नव्हता. आतून आला होता.

मी तिला ओल्या अंगानेच टॉवेलात गुंडाळलं. कढईखाली जाळ चालू होता. ह्यांना म्हटलं, बघा तिकडे, आणि मोठ्या हॉस्पिटलात गेले.

तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे, ओठ, जीभ, हात, पाय, मान असं ओळीने पाहिलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, ताप कधीपासून? मी सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलला. आजाराचं नाव कावासाकी. तुमचे चिरंजीव नंतर म्हणाले, हे तर मोटारसायकलचं नाव आहे, आणि मग तोंड फिरवून उभे राहिले.

बाईंनी मला खुर्चीत बसवून समजावलं. असा आजार बहुधा एखाद्या साध्या सर्दी-तापाच्या मागून येतो. शरीर विषाणूशी लढायला उठतं, आणि विषाणू गेला तरी थांबत नाही, आपल्याच रक्तवाहिन्यांना सूज आणतं. हात-पाय, ओठ, डोळे लाल होतात ते त्यामुळे. ते आपोआप जातं. भीती असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची. त्या सुजून फुगू शकतात. वेळेत औषध दिलं तर बहुतेक मुलांत हे टळतं. वेळ अजून आहे, म्हणाल्या, पण फार नाही. मग त्यांनी विचारलं, आधी का आणलं नाही?

मी म्हटलं, आम्ही रंगारी आहोत.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. मनगटापर्यंत लाल होते. "साहजिक आहे," एवढंच म्हणाल्या.

लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं एक औषध असतं, ते दिवसभर थेंब थेंब तिच्या शिरेत गेलं. शिवाय ऍस्पिरिन. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तो परत आला नाही. पण छातीवर यंत्र फिरवून तपासलं तेव्हा एक वाहिनी फुगलेली दिसली. थोडी. बाईंनी "थोडी" म्हटलं, मी तोच शब्द धरून बसले आहे. आता रोज एक लहान गोळी, पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा तपासायचं. वाहिनी आकसते का, तशीच राहते, का वाढते, ते तेव्हा कळेल. तोवर कोणालाच सांगता येत नाही.

ती दोन ओळींची चिठ्ठी मी वॉर्डातल्या स्टुलावर बसून लिहिली. धागा ह्यांनी आणून दिला.

का लपवलं? एक तर तुम्ही टाके सुकायच्या आत गाडीत बसला असता. दुसरं, तुम्ही "पावडर" म्हणाला असता, आणि मला ते ऐकवलं नसतं. आणि तिसरंही लिहून टाकते, नाहीतर ते आत कुजेल. मला तुमचा राग आला होता. डॉक्टरकडे पळू नकोस असं तुम्ही लिहिलंत आणि मी ते ऐकलं. स्वतःवर जेवढा आला, जवळजवळ तेवढाच तुमच्यावर.

लाल मी बंद केला आहे. कढई धुऊन पालथी घातली. विणकरांना सांगितलं, निळा घ्या, नाहीतर दुसरीकडे जा. माझ्याच्याने लाल पाण्यात हात घालवत नाही.

सून


२० मार्च

सूनबाई,

पत्र तुझ्या नणंदेने मोठ्याने वाचलं, मग मी स्वतः वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. मी चप्पल शोधायला लागले तेव्हा तिने ती लपवली. आता घरात दोन माणसं आहेत आणि बोलत कोणीच नाही.

तू लपवलंस म्हणून मी संतापले होते. मग तुझं "तिसरं" आठवलं. "डॉक्टरकडे पळू नकोस" हे माझंच अक्षर आहे. नात बघितली नाही, हात बघितला नाही, इथे बाल्कनीत बसून निकाल देऊन टाकला. धागा बघून रंग सांगते म्हणून पत्र वाचून आजार सांगायला गेले. माझं चुकलं. हे मी तुझ्या नवऱ्यालाही कधी म्हटलेलं नाही, तेव्हा पत्र जपून ठेव किंवा फाडून टाक, तुझी मर्जी.

डॉक्टरीणबाईंना पावडरचं विचार. खरं काय ते मला लिही, माझी समजूत काढायला म्हणून लिहू नकोस.

आणि लाल बंद करू नकोस. ऑर्डरीसाठी म्हणत नाही, ऑर्डर गेली खड्ड्यात. पोरगी उद्या मोठी होईल. विचारेल, आपल्याकडे सगळे रंग आहेत, लाल का नाही? मग तू काय सांगशील? तिच्या हातांना भ्यायलीस म्हणून? ती स्वतःच्याच हातांना भ्यायला शिकेल. आज लगेच कर म्हणत नाही. कढई पालथी आहे तर असू दे. पण ती फेकू नकोस.

मला भीती वाटते आहे. लिहिलं एकदाचं.

आई


२ एप्रिल

आई,

विचारलं. बाई म्हणाल्या, पावडरचा काही संबंध नाही, मंजिष्ठेचाही नाही. हा आजार नेमका कशाने होतो ते अजून कोणालाच पक्कं माहीत नाही. पलीकडच्या खाटेवर बँकेतल्या साहेबांचं बाळ होतं, तेही हेच घेऊन आलं होतं, आणि त्यांच्या घरात रंग म्हणाल तर फक्त बॉलपेनातला. समजूत काढायला लिहीत नाही. मलाही हे दोनदा विचारावं लागलं.

मुंगीच्या बोटांची टोकं सोलली. नखांपासून सुरू होऊन कातडीचे पापुद्रे निघाले. हे होणार असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. म्हणजे घाबरले, पण बसून घाबरले. तिला मात्र भारी अभिमान. दूधवाल्याला, शेजारणीला, रस्त्यावरच्या कुत्र्याला, सगळ्यांना बोटं दाखवून झाली. आत नवी गुलाबी कातडी आली आहे.

चार वर्षांच्या पोरीला पळू न देणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको, एक तुम्हीही वाढवला आहे. ती चालते, पण इतकं भराभर चालते की ते पळणंच असतं, आणि वर म्हणते, "मी चालतेय!" तिचे बाबा मागे मागे हात पसरून फिरतात. वजन कमी झालं आहे त्यांचं. बालवाडीत कोणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर लगेच कळवा असंही सांगितलं आहे, ती गोळी चालू असताना हे आजार धोक्याचे असतात. म्हणून सध्या घरीच.

तुमचं पत्र फाडलं नाही.

ती झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवते. आत काय चाललं आहे ते हाताला कळत नाही. रंगाचं कळतं, सुताचं कळतं, हे नाही कळत. तपासणीची तारीख जवळ यावी असं वाटतं आणि येऊ नये असंही.

धागा बांधायची सवय सुटत नाही म्हणून बांधला. पांढराच आहे.

सून


६ एप्रिल

सूनबाई,

पांढऱ्या धाग्यात मी काय तपासू, गाठ?

तो परत पाठवते आहे. कांद्याच्या सालींत उकळला. तुझ्या नणंदेच्या दुधाच्या पातेल्यात. तिने पाहिलं तेव्हा पातेलं आतून पिवळं झालं होतं आणि स्वयंपाकघरभर कांद्याचा वास. ती मला काय म्हणाली ते लिहीत नाही, पण निदान आम्ही बोलायला लागलो.

बऱ्याच दिवसांनी काठी फिरवली. लंगडत का होईना, कढईपाशी उभी राहिले, आणि तेवढा वेळ मुंगीच्या छातीतली ती वाहिनी डोळ्यांपुढून गेली. तेवढाच वेळ. मग परत आली. पण तेवढा वेळ तरी गेली. म्हणून तुलाही सांगते.

पिवळा मी केला. लाल तू कर. तुला होईल तेव्हा.

आई


३० एप्रिल

आई,

काल तपासणी झाली.

अंधाऱ्या खोलीत तिला आडवं केलं. छातीवर गार जेल लावलं तेव्हा ती खिदळायला लागली, आणि बाईंना मोजता येईना. "हसू नकोस, हलतंय सगळं," त्या म्हणाल्या, तर आणखीच हसायला लागली. ह्यांनी तिला गोष्ट सांगायला घेतली. एक होता उंदीर, इथपर्यंत आले आणि पुढचं काही सुचेना. बाई पडद्यावर दोन टोकं धरून मोजत होत्या, पुन्हा मोजत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तोंडावरून काही कळेना.

मग त्या म्हणाल्या, आकसली आहे.

अगदी पूर्ववत नाही. किंचित रुंद आहे अजून, म्हणून गोळी काही महिने चालू ठेवायची आणि दर वर्षी येऊन दाखवून जायचं. पण धोक्याची राहिलेली नाही. पळू दे तिला, म्हणाल्या. हे दारातच रडायला लागले. मुंगी विचारते, "बाबा, उंदराचं काय झालं?" ते आणखीच रडले.

आई, मी तिला पळताना बघितलं. हॉस्पिटलच्या त्या लांब पॅसेजमधून फाटकापर्यंत. कोणी रागावलं नाही.

घरी आल्यावर कढई सुलटी केली. आतून पुसली. पावडर नाही काढली, तुमच्या कोपऱ्यातलं मंजिष्ठेचं पोतं काढलं. पावडर वाईट नाही हे मला माहीत आहे, विणकरांना पुढच्या आठवड्यापासून पावडरचाच देणार आहे. पण पहिला लाल मला तुमचा करायचा होता. हात घालताना दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा गेला.

संध्याकाळी रंग पार गार झाल्यावर मुंगीला बोलावलं. तुम्ही लहान कढई देणार आहात हे ती विसरलेली नाही, रोज विचारते. तोवर मोठीत घाल म्हटलं. तिने कोपरापर्यंत दोन्ही हात बुडवले आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की आता ही ओरडणार. मी ओरडले नाही.

मग तिला घेऊन मोरीत गेले. टबात कोमट पाणी घेतलं, त्यात तिचे हात धरले, आणि माझेही. आम्ही दोघी वाकून बघत बसलो. आधी काहीच नाही. मग तिच्या बोटांच्या मधून एक रेघ सुटली, मग सगळीकडून रंग सुटला.

पाणी लाल झालं, आई. चांगलं लालभडक झालं. मी ओक्साबोक्शी रडले आणि ती टाळ्या वाजवत होती, दोघींच्या अंगावर शिंतोडे.

सोबतचा धागा तिने बुडवलेला आहे. एक बुडी कमी आहे, मला दिसतं आहे. ते तिला तुम्हीच येऊन सांगा.

तुमची सून